‘इथं काय आहे फोटो काढण्यासारखं?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं

तुमची अडचण मला अशी कळली. पुण्यात नोकरी करता. रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन पेठांतून फिरता आणि बंद दुकानांच्या फळ्या, दोरीवर वाळणारे कपडे, भिंतीला टेकवलेली सायकल, टपरीवरचा काळवंडलेला स्टोव्ह असं साधंसुधं टिपता. दर थोड्या वेळानं कुणीतरी थांबतं आणि विचारतं, “इथं काय आहे फोटो काढण्यासारखं?” तुम्ही गडबडून “काही नाही, असंच” म्हणता आणि काढता पाय घेता. एकानं तर फोटो पुसायला लावला. मित्र म्हणतो, कॅमेरा घरी ठेव, मोबाइलवर काढ. लोकांना यात एवढं खटकतं काय आणि त्यांना सांगायचं काय, हे तुम्ही विचारलंय.

मीही छंद म्हणूनच फोटो काढतो. नोकरी बँकेत केली, आता निवृत्त आहे. कॅमेरा हातात आहे तो रोलच्या दिवसांपासून. लग्नाच्या ऑर्डरी कधी घेतल्या नाहीत, स्टुडिओ टाकला नाही. पुण्याच्या पेठा, कोल्हापूरची गंगावेस, मुंबईत दादर-परळच्या गल्ल्या, ही माझी फिरायची ठिकाणं. रविवारी माझ्याबरोबर येणारी तरुण मुलंमुली नेमकी याच जागी अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ मुद्दा. हा प्रश्न फोटोविषयी आहे असं तुम्ही धरून चालता आणि मनातल्या मनात उत्तर जुळवायला लागता: प्रकाश, आकार, पोत. मग शब्द सापडत नाहीत. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा त्यातलं काहीच नको असतं. हा माणूस कोण, याला कुणी पाठवलं आणि या फोटोपायी आपल्यामागे काही झंझट लागणार आहे का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. प्रकाशावर तुम्ही कितीही छान बोललात तरी ती शंका जागची हलत नाही. उलट वाढते, कारण सरळ विचारलं तर हा भलतंच काही सांगतोय, असं वाटतं.

साध्या माणसाच्या दारापर्यंत कॅमेरा कधी येतो, याचा विचार करा. लग्नामुंजीत येतो, पण तेव्हा फोटोग्राफरला आमंत्रण असतं. एरवी अपघात किंवा चोरी झाली की पंचनाम्याला येतो. अतिक्रमणवाले येतात तेव्हा येतो. वाडा पाडायचा असेल तर बिल्डरचा माणूस घेऊन येतो, भाऊबंदकीचा दावा लागला की वकिलाचा. रस्तारुंदीची मोजणी असते तेव्हा येतो. कुणीतरी आपल्या भिंतीचा, शटरचा, गाडीचा फोटो काढला आणि त्यातून आपलं भलं झालं, असा अनुभव जवळपास कुणाच्याच गाठीला नाही. त्यात तुमच्या हातात पन्नास-साठ हजारांचं यंत्र. एवढं महागाचं यंत्र घेऊन कुणी पडक्या भिंतीसमोर वाकतो, म्हणजे त्याला त्यात काहीतरी मिळत असणार, हा त्यांचा हिशोब अगदी शहाणपणाचा आहे. त्यांच्या जागी असतो तर आपल्याही मनात पाल चुकचुकली असती.

कसब्यातल्या एका वाड्याच्या बोळात मी विजेच्या मीटरांची रांग टिपत होतो. लाकडी फळीवर काही जुने काळे मीटर, काही नवे, मधून वायरींचं जंजाळ आणि प्रत्येकाखाली ऑइलपेंटनं किंवा खडूनं लिहिलेलं आडनाव. वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप नेमकी त्या आडनावांवर उतरली होती. दुसरा फोटो घेतोय तोच आतून बनियनवर एक गृहस्थ आले. “कुणी पाठवलंय?” एवढंच म्हणाले. काय काढताय, कशाला काढताय, काही नाही. मी म्हटलं, “कुणी नाही काका. बँकेत असतो, फोटोचा नाद आहे. ही नावं उन्हात छान दिसली म्हणून थांबलो.” आणि कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला. ते आत जाऊन चष्मा घेऊन आले, वाकून पाहिलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. “हे आमचं. मीटर अजून वडिलांच्या नावावरच आहे. नाव बदलून घ्यायचं राहिलंय.” मग वाड्याची सगळी हकिगत निघाली. मालक आणि भाडेकरू यांचं कोर्टात चाललं होतं. काही दिवसांपूर्वीच कुणीतरी येऊन जिन्याचे आणि तुळयांचे फोटो काढून गेलं होतं, नाव-गाव न सांगता. वाडा धोकादायक ठरवून आपल्याला बाहेर काढायचा घाट आहे, असं भाडेकरूंचं म्हणणं. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा छायाचित्रणाशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांचं राहतं घर पणाला लागलं होतं.

हातगाडीवाल्यांचं असंच. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानं फेरीवाल्यांचं सर्वेक्षण दर पाच वर्षांत किमान एकदा करायला सांगितलंय आणि त्या सर्वेक्षणात नाव लागलं तरच पुढे प्रमाणपत्र मिळायची वाट मोकळी होते. अशा वेळी अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन ओळीनं गाड्यांसमोरून गेला तर “साहेब, सर्वे चालूय का?” असं कुणीही विचारणार. त्या आवाजात आशाही असते आणि धास्तीही. एकाचा गल्ला उघडा राहतो, दुसरा घाईनं फुटपाथवर आलेली पेटी आत ओढतो. म्हणून गाड्यांच्या रांगेत शिरलो की मी कुणी विचारायच्या आतच सांगून टाकतो, “मी महापालिकेचा नाही बरं का.” एवढ्यानं निम्मं वातावरण निवळतं.

सगळेच घाबरून विचारतात असं मात्र नाही. निखळ कुतूहलानं विचारणारेही पुष्कळ असतात आणि त्यांचा सूर लगेच ओळखू येतो. महात्मा फुले मंडईत एका मावशींच्या वांग्यांच्या ढिगाचा फोटो घेताना त्या म्हणाल्या, “वांग्याचा कसला फोटो काढतोस बाळा, घेऊन जा, भरली वांगी कर.” मी म्हटलं, “मावशी, कशी चकाकतायत बघा.” त्यांनी पडद्यावर बघितलं, मग प्रत्यक्ष ढिगाकडे बघितलं आणि खुलल्या. पहाटे माल उतरला की त्या त्यावर पाणी शिंपडतात, ओलं गोणपाट टाकून ठेवतात आणि गिऱ्हाइकाची वर्दळ सुरू व्हायच्या बेताला काढतात, म्हणून तो तजेला. वांगी रचण्याची पद्धतही दाखवली: देठ आत, पोट बाहेर. माझ्या नजरेला जे नुसतं सुंदर दिसलं होतं, ते त्यांनी हातानं घडवलेलं होतं. हे कळल्यावर मी पुढचा फोटो त्यांच्या हातांचा घेतला, आणि तो आधीच्यापेक्षा किती तरी चांगला आला. हे मुद्दाम सांगतोय, कारण थांबून प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे कामातला अडथळा, असं तुमच्या लिहिण्यातून जाणवलं. पुष्कळदा फोटोची पुढची दिशा तोच दाखवतो.

लोकांचे प्रश्न काळाबरोबर बदलत गेलेलेही मी पाहिलेत. रोलच्या दिवसांत हमखास प्रश्न असायचा, “कुठल्या पेपरात येणार?” कॅमेरावाला म्हणजे पेपरवाला, हे समीकरण पक्कं होतं. डिजिटल आल्यावर “दाखवा की!” सुरू झालं आणि आमचं काम फार सोपं झालं, कारण शंका जागच्या जागी फिटायला लागली. आता प्रश्न असतो, “कुठं टाकणार?” लोकांनी रील्स पाहिल्यात. ओळखीपाळखीतला कुणी नकळत व्हायरल होऊन त्याची टिंगल झालेली ऐकलेली असते. ही भीती रास्त आहे आणि तिला खरं उत्तर द्यायला हवं. इन्स्टाग्रामवर टाकणार असाल तर तसं सांगा. चेहरा टाकणार नसाल तर “चेहरा टाकणार नाही” असा शब्द द्या आणि तो पाळा. माझा शिरस्ता असा, की चेहरा ओळखू येत असेल तर विचारल्याशिवाय तो फोटो कुठंही जात नाही. पाठमोरी माणसं, हात, भिंती, वस्तू यांना मी एवढं बंधन घालून घेत नाही.

आता प्रत्यक्ष काय बोलायचं. “असंच” हे सगळ्यात वाईट उत्तर, कारण ते लपवाछपवीसारखं ऐकू येतं. “प्रोजेक्ट आहे” हे त्याच्या खालोखाल वाईट. प्रोजेक्ट म्हटलं की लोकांना आधी बिल्डर आठवतो. “स्ट्रीट फोटोग्राफी करतो” हे खरं असलं तरी रस्त्याचंच काही काम निघालंय, असा समज होतो. मी तीन गोष्टी एका दमात सांगतो: मी कोण, कुणाचा नाही आणि इथं नेमकं काय आवडलं. “इथलाच आहे, पेपरचा किंवा ऑफिसचा नाही, छंद आहे, तुमच्या पाटीवरची अक्षरं फार सुरेख आहेत.” यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. समोरच्याला दिसेल, बोट ठेवता येईल अशी एक गोष्ट सांगा: अक्षरं, रंग, सावली, कडीला लावलेलं गंजकं कुलूप. ती ऐकली की माणूस आपोआप वळून तिकडे बघतो आणि पुष्कळ वेळा म्हणतो, “हो की, कधी लक्षच गेलं नव्हतं.”

याचा फायदा तुमच्या फोटोलाही होतो. मी मुलांना सांगतो, आपण कशासाठी थांबलो ते एका वाक्यात सांगता येत नसेल तर शटर दाबूच नका. ज्या फोटोबद्दल “असंच” याखेरीज काही बोलता येत नाही, त्यात नजर कुठं ठरवायची हे पाहणाऱ्यालाही कळत नाही. रस्त्यावरचा माणूस विचारतो तोच प्रश्न तुम्ही स्वतःला आधी विचारलेला असेल तर गडबडायला होत नाही.

उभं कसं राहायचं, याकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. लांबून झूम लावून फोटो काढणं भिडस्त माणसाला सोपं वाटतं, पण संशय सर्वांत जास्त त्यानंच येतो. शंभर फुटांवरून कुणी आपल्यावर मोठी लेन्स रोखलीय हे लक्षात आलं की कुणाचंही डोकं फिरेल. मी पस्तीस मिलिमीटरची छोटी लेन्स वापरतो आणि जवळ जातो. जवळच्या माणसाशी बोलता येतं. लांबच्यावर फक्त संशय घेता येतो. अशा लेन्सवर छिद्र, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, एफ आठ या आकड्यावर बरंच बारीक ठेवायचं, फोकस हातानं तीन मीटरवर लावून ठेवायचा. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या रोलच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर साधारण सहा फुटांपासून बावीस-चोवीस फुटांपर्यंतचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. मग कॅमेरा डोळ्याला लावून फोकस शोधत बसायला नको. तो वेळ वाचतो आणि नेमक्या त्याच वेळात लोक अवघडतात.

आणि एका जागी थांबायचं. चालता चालता टिपून पुढे सटकणारा माणूस चोरासारखा दिसतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो की मी आधी पेलाभर धारोष्ण दूध घेतो, म्हशी बघतो, धार काढणाऱ्याला म्हशीचं वय विचारतो. कॅमेरा गळ्यात उघडा असतो, पिशवीत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो. फोटो काढायला आलोय हे सगळ्यांना दिसलेलं बरं. पंधरा-वीस मिनिटांत लोकांचं लक्ष उडतं, आपापली कामं चालू होतात आणि खरे फोटो तिथून पुढे मिळतात. आदल्या फेरीतले फोटो छापून नेले तर अजूनच बरं. चार बाय सहाची प्रिंट अगदी थोड्या पैशांत निघते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणून नंबर मागू नका, विशेषतः बायकांकडे तर नाहीच. त्यानं नवीच शंका उभी राहते. प्रिंट हातात द्या. टपरीच्या काचेमागे तुमची प्रिंट लागली की त्या गल्लीत तुम्हाला प्रश्न विचारणारा कुणी उरत नाही. नवा माणूस आलाच तर टपरीवालाच त्याला सांगतो, “आपलेच आहेत ते.”

फोटो पुसायला लावण्याबद्दल. मी वकील नाही, पण एवढ्या वर्षांत लागेल तेवढं समजून घेतलंय. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. रस्त्यावरचा कुणी माणूस तुम्हाला फोटो पुसायची सक्ती करू शकत नाही. पोलिसांनाही कॅमेरा ताब्यात घ्यायचा तर तपासाचं कारण आणि जप्तीची रीतसर नोंद लागते. हे माहीत असावं. मात्र त्या आधारावर मी रस्त्यात कुणाशी हुज्जत घालत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी, ज्याचा चेहरा फोटोत आहे तो “नको” म्हणाला की माझ्या लेखी विषय संपतो. मी त्याच्यासमोर फोटो पुसतो, त्याला पुसलेलं दाखवतो, “माफ करा” म्हणतो आणि निघतो. मोबाइलवर काढला असेल तर पुसलेले फोटो ठेवणाऱ्या फोल्डरमधूनही काढून दाखवतो, कारण तिथं ते काही दिवस राहतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. फोटोत माणूसच नाही, नुसती भिंत आहे आणि भलताच कुणी येऊन दमदाटी करतोय, तर मी आधी समजावून बघतो. आवाज चढला, चार माणसं गोळा व्हायला लागली, की तोही फोटो पुसून मोकळा होतो. भिंत उद्याही तिथंच असते.

काही ठिकाणी मात्र कॅमेरा काढायचाच नाही. नाशिकचं रामकुंड, पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट, इथं बायका स्नान करत असतात, कपडे बदलत असतात. ते टिपणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येऊ शकतं आणि पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्षाचा तुरुंगवास आहे. पण कायदा राहू दे बाजूला, माणसानं ते करू नये. फुटपाथवर झोपलेली माणसं, दारू पिऊन पडलेला कुणी, रुग्णालयाच्या दारात रडणारे नातेवाईक, यांचे फोटो मी काढत नाही. यातून करुण फोटो मिळतो हे खरं, पण ज्याला नाही म्हणायची शुद्ध किंवा ताकद त्या क्षणी नाही, त्याच्याकडून काही घेणं मला पटत नाही. लहान मुलं एकटी असतील तर नाही; आईबाप जवळ असतील तर त्यांना विचारून. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, खडकी-देहूरोडकडे लष्करी हद्द आणि दारूगोळ्याचे कारखाने आहेत. तिथल्या नुसत्या कुंपणाचा फोटोही महागात पडू शकतो, कारण १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अशा जागांसाठीच आहे. रेल्वे स्टेशन आणि बंदर, इथंही आधी विचारा.

इथवर जे लिहिलं त्यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. मी पिकल्या केसांचा मराठी बोलणारा पुरुष आहे. “काका” म्हणून मला जी सूट मिळते ती पंचविशीतल्या दाढीवाल्या मुलाला मिळेलच असं नाही. भाषा वेगळी पडली किंवा नाव सांगताच समोरचा थबकला, तर हीच वाक्यं तितकी चालत नाहीत. आमच्यातल्या मुलींचा अनुभव निराळाच आहे. त्यांना “काय काढतेस?” याच्या पाठोपाठ “एकटीच आलीस का?” हे ऐकावं लागतं, आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. त्यांनी दोघी-तिघींनी मिळून जावं, ओळखीचं एखादं दुकान हाताशी ठेवावं, असं मी सुचवतो. उलटही घडतं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या मुंबईचं रोजचं जगणं टिपत होत्या आणि त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून येत ते पतीच्या नावावर. साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन फिरते हे लोकांना चमत्कारिक वाटे, ही नुसती मिरवतेय असं समजून कुणी दखल घेत नसे, आणि म्हणूनच आपल्याला नाजूक जागीही कुणी अडवलं नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं होतं. लोकांचं बुचकळ्यात पडणं त्यांच्या पथ्यावर पडलं.

जागेनुसारही फरक पडतो. पालखी दिवे घाटात असते तेव्हा शेकडो लेन्स रोखलेल्या असतात आणि कुणीही कुणाला विचारत नाही. पालखी पुढे गेल्यावर त्याच रस्त्यावर पंक्चरच्या दुकानाचा फोटो काढून बघा, लगेच चौकशी होईल. सोहळ्यात कॅमेऱ्याचं कारण सगळ्यांना ठाऊक असतं, एरवी ते तुम्हाला पुरवावं लागतं. परक्या गावात तर जास्तच जपायला हवं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं, आणि त्यामागे मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा होत्या. अशा अफवा चालू असतील किंवा वस्तीत तणाव असेल, तर त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवायचा. अनोळखी गावात आधी सरपंच, शिक्षक, चहावाला, कुणीतरी एक ओळखीचा करून घ्यायचा.

तुमच्या प्रश्नात आणखी एक शंका दडलेली मला दिसली: लोक म्हणतात ते खरंच असेल तर? खरोखरच तिथं काढण्यासारखं काही नसेल तर? यावर माझं मत अगदी ठाम आहे. बेस्टची जुनी लाल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. पुढच्याच महिन्यात प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. निरोपाच्या दिवशी सजवलेल्या बसभोवती मोबाइल घेऊन ही गर्दी होती. त्या फोटोंत सजावट आहे, गर्दी आहे, हात हलवणारी माणसं आहेत. पण वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर बसून खिडकीच्या दांड्याला हनुवटी टेकवलेला शाळकरी मुलगा, अरुंद जिन्यावर तोल सावरत तिकीट फाडणारा कंडक्टर, पावसाळ्यात टपाटपा गळणारा खिडकीचा कोपरा, हे त्या दिवशी मिळणारच नव्हतं. ते फक्त अशाच कुणाकडे आहे, ज्यानं कधीतरी एका साध्या मंगळवारी फोटो काढला आणि शेजारच्या प्रवाशाकडून “बसचा काय फोटो काढता?” हे ऐकून घेतलं. प्रसिद्ध छायाचित्रकार रघु राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनावरचा फोटो पाहा. धूसर झालेली गर्दी वाहतेय आणि मधोमध स्थिर उभे राहून पेपर वाचणारे काही जण. विशेष काहीही घडत नाहीये, रोजची गाडी पकडायची धावपळ. आज त्याच फलाटावर पेपर उघडून उभा असलेला माणूस शोधावा लागेल.

राहिला मित्राचा सल्ला. मोबाइलवर काढलं तर कुणी विचारणार नाही, हे बरंचसं खरं आहे, आणि मंडईसारख्या गर्दीत मीही कधीकधी मोबाइलच वापरतो. चित्र चांगलं येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोबाइलवाल्याला कुणी विचारत नाही ते विश्वासामुळे नव्हे. तो फोटो काढतोय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही म्हणून, आणि आलंच तर राग दुप्पट येतो, कारण आता त्याला चोरून काढल्याचा वास असतो. तुम्हाला प्रश्नांचा खरोखरच त्रास होत असेल तर काही दिवस मोबाइल वापरा, त्यात कमीपणा नाही. पण तो छातीच्या उंचीवर उघडा धरा, मेसेज वाचल्याचं नाटक करत तिरका धरू नका, आणि कुणी बघितलं तर तेच करा जे कॅमेऱ्यानं केलं असतं: मान हलवा, काय आवडलं ते सांगा, पडदा दाखवा. कॅमेराच वापरायचा असेल तर पुढच्या रविवारी नवी गल्ली शोधू नका. जिथं त्या माणसानं फोटो पुसायला लावला तिथंच, त्या बाजूच्या दोन-तीन वस्तूंच्या प्रिंट काढून घेऊन जा आणि समोरच्या दुकानात दाखवा. तो माणूस कोण, त्याला कशाची धास्ती होती, हे बहुधा तिथंच कळेल.